गर्दी कशाने होते?

शेजारी उंच इमारत येणार म्हटले की पहिली ओरड गर्दीची होते. म्हणून या महिन्यात थोडा हिशेब मांडू.

हजार चौरस मीटरच्या भूखंडावर चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजेच एफएसआय, 1.33 असेल, तर सगळे मजले मिळून 1,330 चौरस मीटर बांधता येते. 8 असेल तर 8,000. 1991 च्या नियमावलीत मुंबई शहरासाठी मूळ निर्देशांक 1.33 होता, उपनगरांत 1. 2015 मध्ये विकास आराखड्याच्या मसुद्यात काही ठिकाणी तो 8 पर्यंत नेण्याचा प्रस्ताव आला आणि मुंबईभर विरोध उठला. नकाशांतही चुका होत्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मसुदा नव्याने करायला सांगितला. पुढे 2018 मध्ये नवा आराखडा लागू झाला.

विरोध करणारे सगळे चुकले, असे आम्ही म्हणत नाही. माणसे वाढणार असतील तर जलवाहिनी, गटार, शाळा, मैदान हे सारे वाढलेच पाहिजे. पण एफएसआय कमी ठेवल्याने माणसे कमी होत नाहीत, माणशी जागा कमी होते. एका खोलीत आठ जण राहतात, मुले जिन्यात बसून अभ्यास करतात. खरी गर्दी ती. ज्यांना तेही परवडत नाही ते मुंब्र्याला, नालासोपाऱ्याला जातात आणि घरचा कमावता माणूस रोज लोकलच्या दारात लटकतो.

आणखी एक गोष्ट. पाण्याची तक्रार करता करता कोणीतरी हळूच म्हणते, ‘कसली माणसे येतील कोण जाणे!’ हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. घर शोधताना आडनाव ऐकून बदललेला चेहरा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. जे आपल्याला लागले, ते आपण दुसऱ्याला कसे लावायचे? अजून न आलेल्या शेजाऱ्याचाही काही हक्क असतो.

1966 च्या नगररचना कायद्यानुसार आराखड्याच्या मसुद्यावर हरकती आणि सूचना देता येतात. त्या जरूर द्याव्यात, मुदतीत आणि लेखी द्याव्यात. जलवाहिनी केवढी हवी, रस्ता किती रुंद हवा, शाळा कुठे हवी, हे नेमके लिहावे. सही करण्याआधी मात्र घरात सर्वांनी मिळून अर्ज एकदा वाचावा. त्यात सोयी मागितल्या असतील तर सही करावी. माणसेच नकोत असे म्हटले असेल, तर करू नये.