न्यायालयाने सोडले, तरी बंदी का?



‘खेळाडूने पदरच्या पैशाने पैज लावली, तर संघटनेच्या पोटात का दुखावे?’ असा सवाल गेल्या अंकातील पत्रलेखकांनी केला आहे. दाखला शेन पिंटोचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये एनएचएल या बर्फावरच्या हॉकीच्या लीगने त्याला ४१ सामने बाहेर बसवले. लीगच्या सामन्यांवर त्याने पैज लावल्याचा पुरावा नाही, हेही लीगनेच सांगितले. मग नेमकी चूक कोणती? ते गुलदस्त्यातच राहिले. इथवर त्यांची तक्रार रास्त आहे.

पण म्हणून नियमच नकोत? मुंबईचा क्रिकेटपटू अंकित चव्हाण याच्यावर आयपीएलमधील स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपावरून क्रिकेट मंडळाने २०१३ मध्ये आजन्म बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्याला आरोपमुक्त केले, तरी बंदी उठली नाही, आणि त्यात गैर काही नव्हते. फौजदारी गुन्हा सिद्ध होणे वेगळे, खेळाची शिस्त वेगळी. गैर होता तो उशीर: बंदी सात वर्षांवर आणायला २०२१ उजाडले. तोवर ऐन उमेदीची वर्षे गेली.

‘हॉकीवर कोण पैसे लावतो?’ हे तर रायपूरकरांना सांगूच नये! महादेव या ऑनलाइन सट्टा ॲपच्या प्रकरणातले मुख्य आरोपी शेजारच्या भिलाईचे. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, बॅडमिंटन, सट्ट्याला काहीच वर्ज्य नव्हते. आणि याच रायपुरात २०१५ च्या हॉकी वर्ल्ड लीग फायनलमध्ये भारताने कांस्य जिंकले. तो खेळ सट्ट्यापासून आपोआप सुरक्षित राहील, हा भाबडेपणा झाला.

हॉकी इंडियाने नियम कडकच ठेवावेत. मात्र प्रत्येक निलंबनाची कारणे लेखी जाहीर करावीत आणि अपिलाचा निकाल ठरलेल्या मुदतीत द्यावा.

— एक वाचक, बूढ़ापारा, रायपूर