बहिऱ्या कुत्र्याला मळा नको
रस्त्यावरून सोडवून आणलेला, स्वभावाने निवांत पण बहिरा कुत्रा कुणाला द्यावा, या प्रश्नाला नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यात ठरलेलं उत्तर मिळतं: मळ्यात सोडा, मोकळा राहील. हे उत्तर चुकीचं आहे. मळ्यातल्या कुत्र्याने राखण करायची असते. याला ना चाहूल लागणार, ना मागून येणारा ट्रॅक्टर ऐकू येणार, आणि कांद्याच्या हंगामात रस्त्याला गाड्यांची रीघ. बिनकठड्याच्या विहिरीकडे धावला तर हाक मारूनही उपयोग नाही. त्याला हवं कुंपणाचं अंगण आणि दिवसभर घरी असणारं माणूस. निवृत्त शिक्षक असतील तर उत्तमच, नुसत्या खुणेने वर्ग गप्प करायची त्यांना सवय असते! दचकून चावेल, ही भीती अगदीच खोटी नाही. पण समोरून जवळ जावं, झोपेत एकदम हात लावू नये, जमिनीवर पाय आपटून उठवावं, एवढं पाळलं तर ती बरीच कमी होते. हाताच्या खुणा तर कुत्रे सहज शिकतात. घरात अगदी लहान मुलं असतील तर मात्र नाही म्हणावं, कारण हे नियम त्यांच्याकडून पाळले जात नाहीत. राखण करत नाही तर खाऊ का घालायचं, असं विचारणाऱ्यालाही देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने भटके कुत्रे दत्तक घेण्याची मुभा दिली, पण कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावरच टाकली. तेव्हा कुत्रा नेण्याआधी फाटकाची कडी नीट लागते का, ते पाहा.