चौथ्या वर्षाची कसोटी

२००४ साली एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालेल्या सोलापूरच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठापुढे चार वर्षांच्या ‘ऑनर्स’ पदवीने खरी कसोटी उभी केली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ही रचना राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. अखेरपर्यंत तेवढे गुण राखल्यास एम.ए., एम.एस्सी.विना पीएच.डी.चे दारही उघडते.

विषयांची वानवा नाही. केगावचे डाळिंब संशोधन केंद्र, नान्नजचे माळढोक अभयारण्य, चादरींचे यंत्रमाग, मराठी-कन्नड-तेलुगूचा शेजार, सारे दाराशीच आहे. उणीव आहे ती मार्गदर्शकांची. अशा अभ्यासक्रमासाठी विभागात पीएच.डी.चे किमान दोन कायम मार्गदर्शक असावेत, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाची अट आहे. प्राध्यापकांच्या जागा रिक्त असताना तालुक्याच्या महाविद्यालयाने ती पाळावी कशी?

सांगोल्याच्या वा अक्कलकोटच्या विद्यार्थ्याकडे गुण असूनही मार्गदर्शकाअभावी संधी हुकली, तर ज्याला परवडेल तो पुण्याची वाट धरील. उरलेल्यांची गुणवत्ता तीन वर्षांवरच थांबेल. म्हणूनच २०२७-२८ मध्ये पहिली तुकडी चौथ्या वर्षात येण्यापूर्वी प्राध्यापकभरती व्हायला हवी.