हार्लेमची दुकाने आणि जमिनीचा प्रश्न

वर्णद्वेषावर उद्योजकता हाच उतारा आहे, असे सांगणाऱ्यांची अमेरिकेत कधीच वाण नव्हती. १९६८ च्या निवडणुकीत निक्सन यांनी ‘काळ्यांची भांडवलशाही’ ही घोषणाच पुढे केली. कृष्णवर्णीयांनी दुकाने काढावीत, कंपन्या स्थापाव्यात, म्हणजे मोर्चांचे कारण उरणार नाही, असा तिचा मथितार्थ. न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीचा इतिहास पाहिला, की या घोषणेतून जमिनीचा प्रश्न सोयीस्करपणे वगळला गेला होता हे ध्यानात येते.

१९०४ साली फिलिप पेटन या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने आफ्रो-अमेरिकन रिअल्टी कंपनी स्थापन केली. शेअर अवघा १० डॉलरचा. हार्लेममध्ये तेव्हा गरजेपेक्षा अधिक घरे बांधली गेली होती आणि मालकांना भाडेकरू मिळेनात. एका गोऱ्या कंपनीने १३५ व्या रस्त्यावरील इमारती घेऊन तेथील कृष्णवर्णीय भाडेकरूंना बाहेर काढले, तेव्हा पेटनने लगतच्या इमारती विकत घेऊन गोऱ्या बिऱ्हाडांना बाहेर काढले. अखेर ती कंपनी नमली. हा प्रसंग ऐकून कोणालाही समाधान वाटेल. पण पुढचेही ऐकले पाहिजे. कृष्णवर्णीय भाडेकरूंकडून गोऱ्यांपेक्षा जास्त भाडे घेण्याची रीत पेटननेही सोडली नाही. भागधारक फसवणुकीचा आरोप करीत न्यायालयात गेले आणि १९०८ मध्ये कंपनी बुडाली.

पुढे हार्लेम कृष्णवर्णीयांचे झाले, परंतु तेथील जमीन बव्हंशी त्यांची झाली नाही. लुईस मिशॉ यांचे १२५ व्या रस्त्याजवळचे पुस्तकांचे दुकान म्हणजे कृष्णवर्णीय विचारवंतांचे विद्यापीठच होते. राज्य सरकारच्या कचेरीसाठी ती जागा घेतली गेली. १९६९ मध्ये रिकाम्या केलेल्या भूखंडावर रहिवाशांनी जवळजवळ तीन महिने ठाण मांडले. त्यांना तेथे घरे व शाळा हवी होती. पोलिसांनी त्यांना हटविले, कचेरी उभी राहिली. बॉबी रॉबिन्सन यांनी १९४६ साली थाटलेले ग्रामोफोन तबकड्यांचे दुकानही २००८ मध्ये, इमारत पाडून नवे बांधकाम करायचे म्हणून, बंद झाले. त्याच वर्षी नगरपरिषदेने १२५ व्या रस्त्यावर उंच इमारतींना वाट मोकळी करून दिली.

येथे अर्थशास्त्राचा एक जुनाच धडा आहे. त्या रस्त्याला नाव मिळाले ते तेथील गायकांमुळे, दुकानदारांमुळे, गिऱ्हाइकांमुळे. त्या नावामुळे जमिनीचा भाव वाढला आणि वाढलेला भाव मालकाच्या खिशात गेला. ज्याने मोल निर्माण केले त्याच्या वाट्याला मात्र वाढीव भाड्याची नोटीस आली. न्यूयॉर्कमध्ये दुकानांच्या भाड्यावरील नियंत्रण १९६३ मध्येच संपले. अशा स्थितीत धंद्यासाठी दिलेले कर्ज किंवा अनुदान किती काळ दुकानदाराच्या गल्ल्यात राहणार? ते भाड्याच्या रूपाने मालकाकडेच पोचते.

दुसरी वाट नाही असे नव्हे. जमीन विश्वस्त संस्थेच्या मालकीची ठेवून वर घर बांधणाऱ्यास ती दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्यायची, ही अमेरिकेतील कल्पना विनोबांच्या ग्रामदानाचे ऋण मानते. बॉस्टनच्या रॉक्सबरी भागातील डडली वस्तीच्या रहिवाशांच्या संस्थेला १९८८ मध्ये पडीक भूखंड सक्तीने संपादन करण्याचा अधिकारही मिळाला. तेथे घर विकता येते, पण मर्यादित किमतीला. खालची जमीन विकता येत नाही. पूर्व हार्लेममध्ये अशा ट्रस्टच्या हाती अद्याप मोजक्याच इमारती आहेत.