थडग्याची विद्या, दिवाणखान्याची शोभा

हल्लीं मुंबई-पुण्याकडील सुशिक्षित घरांतून दाराशीं किणकिणणाऱ्या नळ्या, कोपऱ्यांत बांबूचें रोपटें व फडताळावर ढेरपोट्या हसरा बुद्ध असें त्रिकूट मांडलेलें आढळतें. हें चीनचें प्राचीन गृहशास्त्र, असें विकणारा सांगतो आणि पदवीधर यजमान मान डोलावितो. प्राचीनतेचाच दाखला द्यावयाचा, तर तो पुरा द्यावा.

फेंगशुई म्हणजे 'वारा-पाणी'. घराच्या दिशा पाहणारे ज्योतिषी चीनमध्यें फार पूर्वींपासून होते. परंतु या शब्दाचा उलगडा ज्या जुन्या ग्रंथांत सांपडतो, तो घरासंबंधीं नव्हे, प्रेत कोठें पुरावें यासंबंधीं आहे. 'झांगशू' म्हणजे दफनग्रंथ, परंपरेनें तो गुओ पू (इ. स. 276–324) याच्या नांवावर घातला आहे. त्याचें म्हणणें असें: भूमींत 'ची' नांवाचा प्राण वाहतो, वाऱ्यानें तो उधळतो, पाण्यापाशीं थांबतो. म्हणून वाऱ्यापासून आडोसा व जवळ पाणी अशा जागीं वडिलांचीं हाडें ठेवावीं. हाडांना मिळालेला प्राण मुलानातवांना फळतो. बापाच्या अस्थि पुरांत वाहूं नयेत, ही काळजी कोणाही पुत्राला शोभेल. पण हाडांवर व्याज मिळतें असें एकदां ठरल्यावर पितृभक्तीची सावकारी होण्यास कितीसा उशीर?

हा अनर्थ चिनी विद्वानांनींच उघड केला. इतिहासकार सिमा ग्वांग (1019–1086) आपल्या दफनविषयक निबंधांत लिहितो कीं, शुभ भूमि व शुभ मुहूर्त यांच्या शोधांत लोक वर्षानुवर्षें प्रेतें पुरीत नाहींत. कांहीं तर कायमचींच तशीं राहतात. त्याच्याच घरीं एका वडीलधाऱ्याच्या दफनाच्या वेळीं भाऊबंदांनीं भूमिपरीक्षकाचा हट्ट धरला. थोरल्या भावानें गांवच्या परीक्षकाला गांठून 20,000 नाणीं देऊं केलीं (एरवीं त्याची बिदागी हजारावर जात नसे!) आणि अट घातली कीं, मी सांगेन तेंच पोथींत आहे म्हणावयाचें. दिवस, घटका, खड्ड्याची खोली, सर्व भावानें आपल्या सोयीनें ठरविलें; परीक्षकानें पोथी उघडून 'उत्तम' म्हटलें; भाऊबंद संतुष्ट. निबंध लिहिला तेव्हां तो भाऊ 79 वर्षांचा होता, मोठ्या पदाला चढला होता आणि घराण्यांतील 23 जण राजसेवेंत होते.

वाऱ्याच्या आडोशाला, पाण्याच्या सोयीनें घर बांधावें, हें कोणीही गवंडी सांगेल. त्याला पोथी नको. आणि तो हसरा बुद्ध तर बुद्धच नव्हे. तो दहाव्या शतकांतील बुदाई नांवाचा चिनी भिक्षु, झोळी घेऊन भटकणारा. त्याला आपण धनवृद्धीसाठीं तिजोरीजवळ बसवितों.