व्हायल, फ्रीज आणि नोंदवही

अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघांची मूत्रपिंडे २०२२ मध्ये एकापाठोपाठ एक आजारी पडली. निदान ग्लोमेरुलोनेफ्रायटिसचे झाले. तिघांच्या आजाराचे समान कारण शोधता शोधता प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातील मूत्रपिंडतज्ज्ञांपर्यंत गेले आणि हाती लागले ते गोरेपणाचे क्रीम. स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेल्या त्या क्रीममध्ये पारा होता. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे त्वचेला लावायच्या प्रसाधनात पाऱ्याचा नकळत आलेला अंशही दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त असता कामा नये. त्यानंतर केरळातील डॉक्टरांनीही अशाच क्रीममुळे मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली. पण वऱ्हाडातल्या डॉक्टरांना हा धडा आपल्याच गावात मिळाला होता.

हे प्रकरण क्रीमचे होते, इंजेक्शनचे नव्हते. तरीही सुरकुत्या घालवणाऱ्या इंजेक्शनांविषयी लिहिताना त्याची आठवण ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते. त्या क्रीमवर विश्वास ठेवण्याजोगे लेबल नव्हते, बिल नव्हते आणि देणाऱ्या व्यक्तीला त्यातल्या घटकांची माहिती नव्हती. याच तीन उणिवांसह बोट्युलिनम टॉक्सिनची व्हायल एखाद्या पार्लरच्या मागच्या खोलीत पोचू शकते. अमरावतीचे राजापेठ असो की अकोल्याचे रामदासपेठ, त्वचा आणि सौंदर्य यांच्या पाट्या आता दोन्ही शहरांत शेजारी शेजारी लागल्या आहेत. पेशंटला त्यांतला फरक कळत नाही. तो दाखवून देण्याचे काम आपले आहे.

टॉक्सिन कसे काम करते, हे आपण सारे शिकलो आहोत. मज्जातंतूच्या टोकाशी असलेले स्नॅप-२५ हे प्रथिन ते तोडते, ॲसिटिलकोलिन बाहेर पडत नाही आणि स्नायू सैल पडतो. बेल्जियममधील व्हॅन एर्मेंगेम यांनी १८९५ मध्ये अन्नातून झालेल्या विषबाधेचा शोध घेताना त्यामागचा जिवाणू वेगळा केला. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी त्याच विषाचा उपयोग तिरळेपणासाठी केला आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. पापण्यांच्या आचक्यांवर उपचार करताना भुवयांमधल्या आठ्याही मिटतात, हे व्हँकुव्हरच्या जीन आणि ॲलिस्टर कॅरुथर्स या डॉक्टर दांपत्याने हेरले आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. सौंदर्यासाठीची अमेरिकेतली पहिली मान्यता २००२ ची. म्हणजे हे औषध डोळ्यांच्या दवाखान्यातून कपाळावर आले आहे. प्रसाधनांच्या कपाटाशी त्याचा कधीच संबंध नव्हता.

आपल्या भागातला सर्वांत मोठा प्रश्न तापमानाचा आहे. बहुतेक ब्रँडच्या व्हायल २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. झिओमिनसारखा एखादा ब्रँड २५ अंशांपर्यंत बाहेर चालतो. पण एप्रिल-मे महिन्यांत आपल्या खोल्यांचे तापमान २५ अंश नसते. बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो आणि लग्नसराईमुळे इंजेक्शनांची मागणीही याच दिवसांत वाढते. नागपूर किंवा मुंबईहून निघालेले पार्सल ट्रॅव्हल्सच्या डिकीत रात्रभर प्रवास करते, सकाळी बडनेऱ्याला किंवा अकोल्याच्या बायपासला उतरते आणि कुणी न्यायला येईपर्यंत तिथेच पडून राहते. थर्माकोलच्या डब्यातल्या जेल पॅकचे तोवर पाणी झालेले असते. व्हायलकडे पाहून मात्र काहीच समजत नाही. बिघडलेली पावडर आणि चांगली पावडर दिसायला सारखीच.

पुढे काय होते, याचा अंदाज आपण करू शकतो. इंजेक्शन दिले, पंधरा दिवस गेले, आठ्या तशाच. डॉक्टरांना वाटते, डोस कमी पडला. पुढच्या वेळी ते युनिट वाढवतात, नेमकी तेव्हाची व्हायल चांगली निघते आणि पेशंटच्या भुवया खाली येतात. औषध आले त्या वेळचे तापमान कुणी लिहून ठेवले असते, तर हा घोळ झाला नसता. म्हणून डेटा लॉगरसह येणारा माल घ्यावा. पार्सल दवाखान्यातल्या जबाबदार माणसाने स्वतः उतरवून घ्यावे आणि जेल पॅक वितळलेला असेल तर माल परत पाठवावा. उन्हाळ्यात हे जमणार नसेल तर ते दोन महिने हा उपचार थांबवावा. पेशंटचे त्यात काहीच बिघडत नाही. आठ्या कुठे पळून जात नाहीत.

आता व्हायल टेबलावर आहे, असे समजू. शंभर युनिटची बोटॉक्सची व्हायल निर्वात असते. सलाईनची सुई रबरी बुचातून आत गेली की दट्ट्या न दाबताही सलाईन आत खेचले जायला हवे. ते खेचले गेले नाही तर निर्वातता गेली आहे आणि व्हायल फेकून द्यायची आहे, मग तिची किंमत कितीही असो. अडीच मिलिलिटर सलाईन हळूच सोडायचे आणि व्हायल अलगद फिरवायची. ०.१ मिलिलिटरमध्ये चार युनिट, हा हिशेब इथे पक्का होतो. भुवयांच्या मधल्या आठ्यांसाठी पाच ठिकाणी मिळून वीस युनिट हा बोटॉक्सचा मान्य डोस आहे. डिस्पोर्टसाठी त्याच जागेला पन्नास युनिट लागतात. एका ब्रँडचे युनिट दुसऱ्याच्या युनिटाइतके नसते आणि परस्पर गुणाकार-भागाकार करून डोस काढता येत नाही. त्यामुळे पेशंटच्या कागदावर ‘वीस युनिट’ एवढेच लिहून भागत नाही. ब्रँड, बॅच नंबर, किती सलाईनमध्ये विरघळवले आणि कोणत्या बिंदूला किती दिले, हे सारे लिहायला हवे.

विरघळवलेली व्हायल फ्रीजमध्ये ठेवून चोवीस तासांत आणि एकाच पेशंटसाठी वापरावी, असे कंपनीचे लेबल सांगते. अमेरिकेतल्या त्वचाशल्यतज्ज्ञांच्या एका गटाने २०१५ च्या सुमारास, निर्जंतुकता काटेकोरपणे पाळली तर ती चार आठवडे आणि एकाहून अधिक पेशंटसाठी चालते, असा एकमताचा निर्वाळा दिला. आपल्याकडे याचा आधार वारंवार घेतला जातो. पण चार आठवड्यांची ही सवलत अखंड चालणाऱ्या फ्रीजवर उभी आहे. ज्या दवाखान्यात दुपारी वीज जाते, फ्रीजला इन्व्हर्टर नाही आणि त्याच फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्याही असतात, तिथे ती सवलत घेऊ नये. उरलेले औषध वाया जाऊ नये म्हणून एकाच दिवशी ओळीने पेशंट बोलावण्याचा मोहही टाळावा. अशा घाईत चेहरा तपासायचा राहून जातो.

चेहरा तपासणे हा या उपचाराचा निम्मा भाग आहे. पेशंटला आधी कपाळावर आठ्या घालायला सांगा, मग भुवया वर करायला, मग डोळे घट्ट मिटायला. काही स्त्री-पुरुषांची पापणी मुळातच थोडी उतरलेली असते आणि ते नकळत कपाळाचा स्नायू ताणून ती उचलून धरतात. कपाळावरच्या आडव्या रेषा त्या धडपडीतूनच आलेल्या असतात. असा कपाळाचा स्नायू तुम्ही सैल केलात, तर रेषा जातील, पण डोळा अर्धा झाकला जाईल आणि तो माणूस दोन-तीन महिने तुमच्या नावाने बोटे मोडील. भुवयांमधले इंजेक्शन देताना डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या हाडापासून किमान एक सेंटिमीटर वर राहावे, हा नियम पापणी उतरू नये यासाठीच आहे. तरीही ती उतरली तर ॲप्राक्लोनिडीनचे थेंब काही काळ आधार देतात. खरा उपाय मात्र वेळच असतो.

डोळे घट्ट मिटायला सांगण्याला वऱ्हाडात आणखी एक कारण आहे. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन तथा दाजीसाहेबांनी कुष्ठरुग्णांसाठी जे काम उभे केले, तो आपल्या भागातल्या त्वचारोग-सेवेचा वारसा आहे. विदर्भात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात. भुवयांचे केस विरळ झाले आहेत, गालावर फिकट, बधिर चट्टा आहे, एक डोळा दुसऱ्याइतका घट्ट मिटत नाही, अशा चेहऱ्याच्या डोळ्यांच्या कडेला टॉक्सिन दिले तर डोळा उघडाच राहून बुबुळाला इजा होऊ शकते. सुरकुत्यांसाठी आलेल्या पेशंटमध्ये हॅन्सनचा आजार वेळेत ओळखला, तर त्या भेटीचे खरे सार्थक तेच.

चौकशीत काही प्रश्न चुकवू नयेत. मायस्थेनिया ग्रॅव्हिस किंवा लँबर्ट-ईटन असेल तर हे इंजेक्शन नको. गर्भारपणात आणि स्तनपानाच्या काळात थांबावे. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी ॲमिनोग्लायकोसाइड टॉक्सिनचा परिणाम वाढवतात, म्हणून गेल्या काही दिवसांत कोणती इंजेक्शने घेतली हे विचारावे. शेतात वर्षानुवर्षे उन्हात राबलेल्या चेहऱ्यावरच्या, हालचाल नसतानाही दिसणाऱ्या खोल रेषा या इंजेक्शनाने फारशा पुसल्या जात नाहीत. अशा पेशंटला ते आधीच सांगावे. आणि लग्नाला आठवडा उरला असताना आलेल्या नवरीला किंवा नवरीच्या आईला पहिले इंजेक्शन देऊ नये. परिणाम दोन-तीन दिवसांत दिसू लागतो, पुरता यायला दोन आठवडे लागतात आणि तीन ते चार महिने टिकतो. काही बिघडलेच तर सावरायला वेळ हवा. लग्नाआधी किमान महिनाभर, ही मर्यादा आपण सर्वांनी मिळून पाळली तर कुणालाच पेशंट गमावण्याची भीती राहणार नाही.

चुकीच्या हातांनी किंवा बनावट औषधाने काय होते, हे बाहेरच्या जगाने नुकतेच पाहिले आहे. अमेरिकेत २०२४ मध्ये ११ राज्यांतील २२ जणींना बनावट किंवा गैररीत्या दिलेल्या इंजेक्शनांनंतर त्रास झाला. घर किंवा स्पासारख्या ठिकाणी इंजेक्शने घेतल्याचे आढळले. इंग्लंडमध्ये ४ जून ते १४ जुलै २०२५ या काळात अशा इंजेक्शनांमुळे बोट्युलिझमची ३८ प्रकरणे नोंदली गेली. दोन-दोन दिसणे, घास अडकणे, बोलणे बोबडे होणे, श्वास अपुरा पडणे ही लक्षणे काही तासांनी किंवा काही आठवड्यांनीही येऊ शकतात. अँटिटॉक्सिन पुढची वाढ रोखते, आधीच लुळा पडलेला स्नायू परत आणत नाही; शिवाय ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. तालुक्याच्या गावात असा पेशंट पहिल्यांदा फॅमिली डॉक्टरकडे जाईल. त्या डॉक्टरने चेहऱ्याला काही टोचून घेतले का, हा एक प्रश्न विचारला आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात तातडीने पाठवले, तर जीव वाचेल.

कायदा याबाबत मोघम नाही. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने वैद्यकीय व्यवसाय करणे महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ च्या कलम ३३ खाली गुन्हा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केशरोपणाविषयी काढलेल्या सूचनांत, कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूब पाहून घेतलेले ज्ञान हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. हा इशारा पार्लरवाल्यांना नाही, आपल्याला आहे. शनिवार-रविवारचे प्रमाणपत्र भिंतीला लावून सोमवारी सुई हाती घेणारे आपल्यातही आहेत. संमतीच्या बाबतीत समीरा कोहली प्रकरणातला २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवावा: धोके, पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे पेशंटला कळेल अशा भाषेत सांगूनच संमती घ्यायची आहे. ती मराठीत लिहिलेली असावी आणि सही पेशंटला टेबलावर झोपवल्यावर नव्हे, तो खुर्चीत बसलेला असताना घ्यावी. उपचाराआधीचे आणि नंतरचे फोटो पेशंटच्या परवानगीशिवाय दवाखान्याच्या इन्स्टाग्रामवर टाकू नयेत, हेही सांगावे लागते याचा खेद वाटतो.

या औषधाची दुसरी बाजूही आम्हाला तितकीच महत्त्वाची वाटते. अर्धा चेहरा सतत फडफडणारे, मान एकीकडे वळलेले, पक्षाघातानंतर हाताची मूठ उघडू न शकणारे, सेरेब्रल पाल्सीने टाचा टेकू न शकणारे लेकरू, या सर्वांना हेच टॉक्सिन उपयोगी पडते. सौंदर्यासाठी हात बसलेल्या डॉक्टरांनी न्यूरॉलॉजी आणि अस्थिरोगाच्या सहकाऱ्यांबरोबर बसून अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात आणि अमरावतीच्या पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयात अशा पेशंटसाठी नियमित दिवस ठरवावा, अशी आमची विनंती आहे. कौशल्य आपल्या भागात आले आहे. त्याचा लाभ केवळ पैसे मोजू शकणाऱ्यांना मिळावा, हे वैद्यकाला शोभत नाही.

आपल्या वाचकांकडून आम्हाला एका गोष्टीची अपेक्षा आहे. या महिन्यापासून प्रत्येक दवाखान्याने टॉक्सिनसाठी स्वतंत्र नोंदवही ठेवावी. व्हायल कुणाकडून आली, बिल क्रमांक, बॅच, मुदत, उतरवताना तापमान किती होते, केव्हा विरघळवली, कुणी टोचली, कोणत्या बिंदूला किती, पंधराव्या दिवशी काय दिसले, एवढे रकाने पुरेत. रिकामी व्हायल लेबल खोडून टाकूनच कचऱ्यात द्यावी, म्हणजे ती बनावट मालाच्या कामी येणार नाही. दुष्परिणाम दिसला की औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर तो कळवावा. त्यात कमीपणा नाही. पेशंटने मागितले तर बॅच नंबर लिहिलेला कागद त्याच्या हाती द्यावा, किंबहुना न मागताच द्यावा. वऱ्हाडातल्या पेशंटला असा कागद मागायची सवय लागली, की ज्याच्याकडे तो नाही त्याच्या खुर्चीत कुणी बसणार नाही. कायद्याचा बडगा येईल तेव्हा येईल. ही सवय आपण उद्या सकाळपासून लावू शकतो.