पासिंगची तारीख आणि कापसाचा हंगाम



गाडी रस्त्यावर काढण्याआधी ती धड आहे की नाही हे बघायचे, ही अक्कल शेतकऱ्याला कोणत्या सरकारने शिकवलेली नाही. बैलगाडीचे दिवस होते तेव्हा सुगीच्या तोंडावर चाकाची धाव सैल झाली असेल तर लोहाराकडे नेत, कण्याला वंगण घालत, जू आणि सापत्या तपासत. ज्वारीच्या पेंढ्यांनी भरलेली गाडी उतारावर उलटली तर आधी आपला बैल मोडतो आणि मग आपला माणूस, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तपासणीचे महत्त्व सांगण्यासाठी मुंबईहून किंवा दिल्लीहून कोणी यायला नको. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो की गाड्यांची तपासणी बंद करा, अशी आमची मागणी नाही. आमचा झगडा आहे तो ही तपासणी कोणाच्या सोयीने, कोठे आणि कोणत्या हिशेबाने होते याच्याशी.

कायदा काय आहे तो आधी पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचे कलम ५६ असे सांगते की वाहतुकीच्या गाडीजवळ चालू मुदतीचे योग्यता प्रमाणपत्र नसेल तर तिची नोंदणीच वैध धरली जाणार नाही. यालाच आपण गावात पासिंग म्हणतो, कचेरीत फिटनेस म्हणतात. पासिंग संपलेली गाडी रस्त्यावर सापडली तर गुन्हा बिनानोंदणीच्या गाडीचा. पहिल्या वेळी दंड २,००० ते ५,००० रुपये, दुसऱ्यांदा ५,००० ते १०,००० किंवा तुरुंगसुद्धा. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला याहून चांगले निमित्त नाही. हप्ता घेताना ती पासिंगची तारीख विचारत नाही, भरपाई देताना पहिल्यांदा तीच विचारते.

नवी गाडी असेल तर पहिले पासिंग दोन वर्षांचे. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी नूतनीकरण. आठ वर्षे उलटली की दरवर्षी. ही सवलत २०१८ च्या शेवटी आली, त्याआधी पहिली दोन वर्षे सोडली की दरवर्षीच कचेरी गाठावी लागे. सवलत चांगली आहे, पण ती कोणाच्या वाट्याला आली? नवी गाडी शहरातला वाहतूकदार घेतो. तो ती सात-आठ वर्षे पळवतो आणि विकतो. मग ती सिल्लोडच्या, पैठणच्या, वैजापूरच्या गावात येते. आपला पोर सोसायटीचे नाहीतर फायनान्सचे कर्ज काढून ती घेतो. म्हणजे दोन वर्षांची सवलत शहराने भोगली आणि दरवर्षीची फेरी खेड्याच्या गळ्यात पडली. जुनी गाडी जास्त वेळा तपासली पाहिजे हे आम्हाला मान्य आहे, जुन्या बैलाचे खूरही जास्त वेळा बघावे लागतात. पण जुन्या गाड्या खेड्यात का येतात, याचा विचार फी ठरवणाऱ्यांनी एकदा तरी करावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नियम बदलले आणि वाढीव फीची पायरी पंधरा वर्षांऐवजी दहा वर्षांपासून सुरू केली. वीस वर्षांवरच्या जड ट्रकला तपासणीची फी २५,००० रुपये, मध्यम ट्रकला २०,०००. ज्या गाडीची विक्रीची किंमतच लाख-दीड लाख आहे तिला ही फी म्हणजे भंगारात जा असे सांगण्याची सभ्य रीत आहे.

एक गैरसमज गावोगाव आहे, तोही काढून टाकू. छोटा हत्ती किंवा तसल्या लहान मालगाडीला परमिट लागत नाही, कारण भरलेल्या गाडीचे एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर कायद्याच्या कलम ६६ मध्ये सूट आहे. पण ही सूट परमिटची आहे, पासिंगची नाही. ‘आपली गाडी लहान आहे, आपल्याला कोण विचारतो’ म्हणून फिरणाऱ्यांचा चेहरा पहिल्या नाक्यावरच उतरतो.

आता मुद्द्याचे बोलू. कोरडवाहू कापसाच्या मुलखात मालगाडी बारा महिने चालत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते, जिनिंगच्या फाटकावर रांगा लागतात, आणि माघ संपता संपता सगळे आटोपते. मग थोडीफार ज्वारी, कडबा, लग्नसराईचे एखाद-दुसरे भाडे. जून-जुलैत एखादी खेप खताची आणि बियाण्याची. बाकी दिवस गाडी गोठ्याशेजारी उभी. टायरखाली दगड आणि टपावर कोंबड्या. ट्रान्सपोर्टच्या धंद्यातला ट्रक रोज पळतो, त्याचा नियम या उभ्या गाडीलाही तसाच्या तसा लावला आहे. मुदत संपल्यावर जेवढे दिवस उशीर तेवढ्या दिवसांचे रोज ५० रुपये ज्यादा, असे केंद्राच्या फीच्या तक्त्यात लिहिले आहे.

करा हिशेब. पासिंग फाल्गुनात संपले. खिशात पैसा नाही, गाडीला काम नाही. दिवाळीच्या आधी नवा कापूस घरात येऊ लागला तेव्हा मालक तपासणीला निघाला. मध्ये गेले आठ महिने, म्हणजे २४० दिवस. पन्नासने गुणले की १२,००० रुपये. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ८,११० रुपये, संकरित ज्वारीचा ३,६९९. म्हणजे उभ्या गाडीपायी दीड क्विंटल कापूस किंवा सव्वातीन क्विंटल ज्वारी गेली, आणि तीही हमीभाव हातात पडला असे धरून. तो पडतो का, हे आम्ही तुम्हाला विचारायची गरज नाही. ज्या गाडीने त्या आठ महिन्यांत रस्ता पाहिला नाही, तिच्यापासून कोणाच्या जिवाला धोका होता?

हाच दंड शहरातल्या रिक्षावाल्यांनाही बोचला. मे २०२४ मध्ये राज्यात वसुलीचा बडगा उगारला गेला, रिक्षा-टॅक्सीवाले रस्त्यावर आले आणि जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने स्थगिती जाहीर केली. लढले म्हणून मिळाले. पण स्थगिती म्हणजे नियम रद्द होणे नव्हे. नियम केंद्राचा आहे आणि तो पुस्तकात लिहिलेला आहे. मुंबईत उठवलेला हात केव्हाही खाली येऊ शकतो. शिवाय गंमत अशी की याच राज्याच्या मोटार वाहन कराच्या कायद्यात, गाडी वापरात नसल्याचे आधी कळवले तर त्या काळाचा कर माफ करण्याची सोय आहे. कायदा १९५८ चा. म्हणजे उभी गाडी आणि चालती गाडी यांतला फरक सरकारला साठ-पासष्ट वर्षांपूर्वी कळत होता. मग तोच फरक पासिंगच्या वेळी का दिसेनासा होतो?

दुसरी गोष्ट अंतराची. यामागे एक कोर्टाची कहाणी आहे. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. गाड्यांची तपासणी नीट होत नाही, ब्रेक तपासायला जागाच नाही आणि तरी प्रमाणपत्रे वाटली जातात, अशी त्यांची तक्रार होती. ती खरी होती. न्यायालयाने सांगितले की ब्रेकच्या चाचणीसाठी २५० मीटरची धावपट्टी पाहिजे, आणि जेथे ती नाही तेथे तपासणी नको. सरकारने मुदतीवर मुदत मागितली. अखेर नोव्हेंबर २०१७ पासून बिनपट्टीच्या कार्यालयांतली तपासणी थांबली. नियम धाब्यावर बसवून प्रमाणपत्रे दिल्याबद्दल २०१८ मध्ये राज्यभरातले तीसहून अधिक निरीक्षक निलंबित झाले. कर्वे यांचे आम्ही अभिनंदनच करू. ब्रेक न लागणारा ट्रक आपल्याच गावच्या फाट्यावर आपल्याच माणसाला चिरडतो.

पण न्यायालयाने पट्टी बांधा म्हटले, आणि सरकारने काय केले? जिल्ह्याला एक पट्टी बांधली आणि तपासणी तिच्यापाशी गोळा केली. आपल्या जिल्ह्यात ती शहराच्या पश्चिमेला, सोलापूर-धुळे महामार्गाजवळ करोडीला झाली. तालुक्याच्या गावी मैदानात गाडी उभी करून, दिवे पेटवून, हॉर्न वाजवून व्हायची ती जुनी तपासणी न्यायालयाच्या आदेशात बसत नाही. गंगापूरच्या माणसाला करोडी जवळ आहे. पण सोयगावच्या माणसाला अजिंठ्याचा डोंगर चढून शंभर किलोमीटरच्या पलीकडे रिकामी गाडी न्यावी लागते. डिझेल जाण्याचे, डिझेल येण्याचे, ड्रायव्हरची रोजी आणि एक दिवस मोडला. एखादा इंडिकेटर लागला नाही म्हणून गाडी परत पाठवली तर हे सगळे दुसऱ्यांदा.

फाटकाबाहेरचे एजंट याच दुसऱ्या फेरीच्या भीतीवर जगतात. हे कोणा एका कचेरीचे नाही, राज्यात कोठेही जा. माणूस लांबून आला आहे आणि त्याला संध्याकाळी घर गाठायचे आहे, हे ज्याला दुरूनच दिसते तो त्याच्याकडून पैसे काढतोच. कापूस एकाधिकाराच्या काळात सरहद्दीवर कापसाच्या गाड्या अडवत, तेव्हाही हेच होते. गाडी अडवण्याचा अधिकार आला की सोडण्याचा भाव ठरतो.

यावर दिल्लीने औषध काढले ते यंत्राचे. सप्टेंबर २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम निघाले. गाडी रोलरवर चढवायची, ब्रेक किती लागतो, दिव्याचा झोत कोठे पडतो, धूर किती, चाक किती ओढते हे यंत्र मोजणार आणि निकाल संगणकात जाणार. निरीक्षकाची मर्जी मध्ये नको. जड गाड्यांना यासाठी आधी १ एप्रिल २०२३ ही तारीख दिली होती, मग ती १ ऑक्टोबर २०२४ वर ढकलली. केंद्रेच उभी नव्हती, तर करणार काय? महाराष्ट्रात नाशिकला असे केंद्र बरेच आधी सुरू झाले होते.

यंत्राला आमचा विरोध नाही. वजनकाट्यावर काटा मारणारा माणूस आणि इलेक्ट्रॉनिक काटा यांत आपण इलेक्ट्रॉनिक काटाच निवडला आहे. पण काटा गावात एकच असला की काय होते, तेही आपल्याला माहीत आहे. सरकारची मक्तेदारी काढून एका ठेकेदाराची बसवली तर शेतकऱ्याच्या पदरात काय पडले? जिल्ह्यात किमान दोन-तीन केंद्रे पाहिजेत, वेगवेगळ्या मालकांची आणि वेगवेगळ्या दिशांना. एक सिल्लोडकडे, एक पैठणकडे, एक वैजापूरकडे. बाजार समित्यांची आवारे मोठी आहेत, तेथे वजनकाटे आहेत, आणि त्या आपल्या मालावर बाजार फी घेतात. त्या पैशातून एक तपासणीची मार्गिका का उभी राहू नये? गाडी नापास झाली तर काय बिघडले ते मराठीत छापून हातात मिळाले पाहिजे, म्हणजे तालुक्याच्या मेकॅनिकला दाखवता येईल. ‘साहेबांनी नाही म्हटले’ हा निकाल नव्हे.

ट्रॅक्टरवाल्यांनो, आता तुमच्याकडे वळतो. शेतीचा ट्रॅक्टर कायद्याने बिगर-वाहतूक गाडी आहे, त्याला दरवर्षीचे पासिंग नाही. नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एक मसुदा काढला होता, त्यात हे एक वाक्य गाळून ट्रॅक्टर वाहतुकीच्या गाड्यांत ढकलायचा बेत होता. डिसेंबरात हरियाणाचे खासदार दुष्यंत चौटाला ट्रॅक्टर चालवत संसदेवर गेले, देशभर ओरड झाली आणि बेत बारगळला. एका वाक्याने लाखो ट्रॅक्टर पासिंगच्या रांगेत उभे राहिले असते. असले मसुदे गुपचूप निघतात, म्हणून डोळे उघडे ठेवावे लागतात.

मात्र ट्रॉलीतून वाळू, विटा, मुरूम भाड्याने वाहाल तर तो शेतीचा ट्रॅक्टर राहत नाही. त्याची नोंदणी व्यापारी आणि पासिंगही व्यापारी. शेजाऱ्याचा कापूस आपल्या ट्रॉलीत घालून जिनिंगला नेला आणि त्याने डिझेलचे पैसे दिले तर ते भाडे की इर्जिक? कायद्याच्या पुस्तकात इर्जिक हा शब्द नाही. तो घालून घेण्याची मागणी आम्ही करणार आहोत. डिझेलखर्च वाटून घेऊन शेतमाल नेणे म्हणजे भाडे नव्हे, एवढे एक वाक्य आम्हाला नियमात हवे आहे.

आणि एक काम कोणत्याही कचेरीत न जाता होणारे. ट्रॉलीला मागून दिवा नसतो. कापसाने फुगलेली ट्रॉली रात्री रस्त्याच्या कडेला उभी असते आणि मोटारसायकलवरचे पोर मागून तिच्यात घुसते. असे पोर कोणत्या गावात गेले नाही? तांबडी चमकणारी पट्टी काही रुपयांत मिळते. ती पासिंग नाही म्हणून लावायची नाही, हे चालणार नाही. वेचणीच्या आधी प्रत्येक ट्रॉलीला मागे आणि दोन्ही बाजूंना पट्टी लागली पाहिजे, आणि ती लावून घेण्याचे काम गावातल्या कार्यकर्त्यांचे.

जिल्हा बैठकीला येताना मालगाडीवाल्यांनी आपल्या योग्यता प्रमाणपत्राची झेरॉक्स आणावी. मुदत कोणत्या महिन्यात संपते, गाडी वर्षातून किती महिने उभी असते आणि गावापासून तपासणीची जागा किती किलोमीटर आहे, या तीन गोष्टी मागच्या बाजूला लिहाव्यात. तालुकावार गठ्ठे करून परिवहन आयुक्तांकडे ठरावासोबत पाठवायचे आहेत. ठरावात मागण्या तीन. उभ्या दिवसांचा विलंब आकार नियमातूनच काढा. हंगामी मालगाड्यांना ऑगस्ट-सप्टेंबरात तालुक्याच्या ठिकाणी तपासणीची सोय द्या. जिल्ह्यात एकाहून अधिक केंद्रे उघडा. ज्यांची मुदत दिवाळीच्या आत संपते त्यांनी मात्र ठरावाची वाट पाहू नये. परिवहनच्या संकेतस्थळावर आपल्या गाडीला कोणते केंद्र दाखवतात ते बघून तारीख घ्यावी. निघण्याआधी विमा, पीयूसी, कराची पावती एका पिशवीत घालावी आणि सगळे दिवे एकदा रात्री लावून पाहावेत. दिवसा ते लागलेले कळत नाहीत.